शेजारची खुर्ची रिकामी आहे: अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
प्रतिनिधीगृह आणि सिनेट यांचे सर्व सदस्य, दोन्ही पक्षांचे,
कॅपिटॉल, वॉशिंग्टन डी. सी.

सन्माननीय सदस्यहो,

मी पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत राहते. १९९४ साली सांगलीहून इथे आले, २००६ मध्ये फिलाडेल्फियाला हात वर करून शपथ घेतली आणि तुमची मतदार झाले. २०१२ पासून आमच्या भागातल्या मतदान केंद्रावर काम करते. वर्षातून दोनच दिवस, पण पहाटे सहा ते रात्री साडेनऊ. डेमोक्रॅटिक पक्षाकडे माझी नोंद आहे, हेही आधीच सांगून टाकते.

या पत्राची इंग्रजी प्रत माझ्या प्रतिनिधींना आणि आमच्या दोन्ही सिनेटरांना पाठवली आहे. आमचे सिनेटर दोन पक्षांचे आहेत, त्यामुळे पत्र दोन्हीकडे पोचलं असं धरते. तुमच्यातले निदान एक सदस्य, मिशिगनचे श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले आहेत. त्यांना हे मुळातूनच वाचता येईल. पण मराठीत लिहिण्याचं कारण ते नाही. ज्या वैराबद्दल लिहिते आहे ते आता आमच्या गणपतीच्या आरतीपर्यंत येऊन पोचलंय, म्हणून ते माझ्या माणसांनीही वाचावं.

आमच्या राज्यात प्रत्येक मतदान केंद्रावर एक जज ऑफ इलेक्शन, म्हणजे केंद्रप्रमुख, आणि दोन इन्स्पेक्टर असतात. तिघांनाही दर चार वर्षांनी मतदारच निवडून देतात. इन्स्पेक्टरच्या जागा दोन, पण मतदाराला मत एकच. ज्याला जास्त मतं तो बहुमताचा इन्स्पेक्टर, त्याच्या खालचा अल्पमताचा. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक खुर्ची या पक्षाकडे जाते आणि दुसरी त्या पक्षाकडे. रात्री यंत्रातून निकालाची पट्टी निघाली की तिच्यावर दोघांच्याही सह्या होतात, आणि कागदपत्रांचा एक संच अल्पमताच्या इन्स्पेक्टरनं जपून ठेवायचा असतो. हा कायदा ज्यांनी कोणी लिहिला त्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. एकमेकांवर विश्वास ठेवा, असं त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही. एका टेबलाशी बसा आणि एकाच पट्टीवर सही करा, एवढंच सांगितलं. विश्वास मागून आला.

२०१७ मध्ये मी अल्पमताची इन्स्पेक्टर झाले, २०२१ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा बहुमताच्या इन्स्पेक्टर एकच बाई होत्या. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, आजोबांपासून रिपब्लिकन. त्यांचं नाव इथे देत नाही. का देत नाही ते पुढे येईलच. त्या घरून झुकिनीचा ब्रेड करून आणायच्या, आणि सकाळी दहाच्या सुमाराला माझा आल्याच्या चहाचा थर्मास कुठे आहे ते विचारायच्या.

३ नोव्हेंबर २०२० ची रात्र मला नेहमी आठवते. आमचं केंद्र स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये असतं. बंब बाहेर काढलेले, हॉलमध्ये डिझेलचा वास, आमच्या तोंडाला मास्क आणि टेबलावर प्लॅस्टिकचा पडदा. आठ वाजता दार लावलं, पट्टी काढली, तर मतदारांच्या क्रमवार यादीपेक्षा स्कॅनरमध्ये एक मतपत्रिका कमी. फक्त एक. सगळ्या देशाचे डोळे त्या रात्री पेनसिल्व्हेनियाकडे लागले होते, आणि आम्ही दोघी चष्मे लावून यादीवर बोट फिरवत बसलो होतो. पाऊण तास गेला. शेवटी आठवलं ते त्यांनाच. दुपारी एक तरुण आई आली होती, कडेवरचं पोर रडायचं थांबेना म्हणून मतपत्रिका परत देऊन निघून गेली होती. रद्द मतपत्रिकांच्या पाकिटात ती सापडली, कोरीच. ती बाई कोणत्या पक्षाची असेल हे आमच्या दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. त्यांनी टिपण लिहिलं, मी सही केली, आणि उरलेला गार चहा आम्ही अर्धा अर्धा घेतला.

आमच्या पदाची ती मुदत २०२५ अखेर संपली. गेल्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या पक्षातून दुसरं कोणी उभंही राहिलं नाही. मी पुन्हा निवडून आले आहे आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.

त्या का सोडून गेल्या ते त्यांच्या परवानगीनं सांगते. २०२० नंतर त्यांच्याच वर्तुळातल्या लोकांनी त्यांना विचारायला सुरुवात केली की मतांची चोरी झाली तेव्हा तुम्ही काय करत होतात. ‘आमच्या केंद्रावरची मोजणी मी स्वतः केली आहे आणि ती बरोबर होती,’ एवढंच त्या सांगत. तेवढ्यावरून त्या गद्दार ठरल्या. २०२४ च्या निवडणुकीच्या रात्री एका माणसानं पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटचं चित्रीकरण केलं. आणि त्यानंतर काही आठवड्यांनी दुकानाच्या रांगेत त्यांच्या कोटावरची रिपब्लिकन उमेदवाराची बिल्ला-पिन बघून एका मुलीनं त्यांना सगळ्यांसमोर फॅसिस्ट म्हटलं. ती मुलगी माझ्या पक्षाची असणार. एकीकडून गद्दार, दुसरीकडून फॅसिस्ट. त्यांच्या लेकीनं सांगितलं, आई, आता पुरे.

यात नुसता एका पक्षाचा दोष दाखवता आला असता तर मी त्याच पक्षाला पत्र लिहिलं असतं.

मराठीत आम्ही ‘विरोधी पक्ष’ म्हणतो. ‘वैरी पक्ष’ असं म्हणत नाही. विरोध करणारा माझं म्हणणं खोडून काढतो, वैऱ्याला मी स्वतःच नको असते. या दोन्हींतला फरक तुमच्या देशाला, आता माझ्याही देशाला, एके काळी नीट कळत होता. १९८६ मध्ये सिनेटनं स्कालिया यांना सर्वोच्च न्यायालयावर ९८ विरुद्ध ० मतांनी पाठवलं, आणि १९९३ मध्ये गिन्सबर्ग यांना ९६ विरुद्ध ३ नं. त्या दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, हे मत देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुमच्या काळात बॅरेट ५२ विरुद्ध ४८ नं गेल्या आणि जॅक्सन ५३ विरुद्ध ४७ नं. न्यायाधीशाची लायकी आता कोणी बघतच नाही, नेमणारा कोणाचा ते बघतात.

हे खाली झिरपायला वेळ लागला नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०१६ मध्ये विचारलं होतं, दुसऱ्या पक्षाचे लोक इतर अमेरिकनांपेक्षा जास्त अनीतिमान आहेत का? तेव्हा ४७ टक्के रिपब्लिकन आणि ३५ टक्के डेमोक्रॅट ‘हो’ म्हणाले. २०२२ मध्ये तेच आकडे ७२ आणि ६३ झाले. अवघ्या सहा वर्षांत. धोरण चुकीचं वाटणं वेगळं. इथे माणूसच वाईट ठरला आहे. १९६० च्या पाहणीत मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल असं म्हणणारे शंभरात पाचेक होते. २०१० पर्यंत रिपब्लिकनांत जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश तसं म्हणू लागले. स्थळ बघताना आधी जात आणि मग पोटजात विचारणाऱ्या समाजातून मी आले आहे. त्या प्रश्नानं किती घरं मोडली ते मी बघितलंय. इथे लोक पक्षाला पोटजात करून बसलेत, हे मला माझ्या शेजाऱ्यांच्या आधी ओळखू आलं.

आणि ज्याचा द्वेष करायचा तो माणूस तरी खरा असतो का? अहलर आणि सूद या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की लोकांच्या अंदाजानं ३८ टक्के रिपब्लिकनांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर असतं. प्रत्यक्षात ते साधारण २ टक्क्यांचं असतं. डेमोक्रॅटांबद्दलचे अंदाजही असेच भलते होते. बस चालवून निवृत्त झालेल्या माझ्या शेजारणीला रांगेतल्या त्या मुलीनं पाहिलंच नाही. तिनं एक बिल्ला पाहिला, आणि त्याच्यामागे तुम्ही वर्षानुवर्षं रंगवलेलं चित्र पाहिलं.

आता माझ्या तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, आणि मी त्या तशा मांडतही नाही.

पहिली तुमच्या तोंडच्या भाषेची. २०१६ मध्ये माझ्या पक्षाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांनी समोरच्या निम्म्या मतदारांना ‘शोचनीय’ लोकांच्या टोपलीत टाकलं. त्यांनी नंतर ‘निम्म्या’ या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला, पण टोपली जिथे पोचायची तिथे पोचली होती. २०२३ च्या नोव्हेंबरात ट्रम्प यांनी आपल्या विरोधकांना उपद्रवी किडे-उंदरांची उपमा दिली. किडे-उंदरांचं माणूस काय करतो ते सांगायला नको. गेल्या वर्षी २१ सप्टेंबरला ॲरिझोनात उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या स्मरणसभेत त्यांच्या पत्नीनं, एवढ्या मोठ्या जनसमुदायासमोर, नवऱ्याला मारणाऱ्या तरुणाला क्षमा केली. मी ते घरी टीव्हीवर बघत होते. कर्क यांचं एकही मत मला पटत नव्हतं, तरी मी रडले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की आपल्याला विरोधकांचा तिरस्कार वाटतो, त्यांचं भलं व्हावं असं वाटत नाही. समोर बसलेल्या सदस्यांपैकी एकानंही नंतर उठून ‘हे बरोबर नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माझ्या पक्षानं यावर नाक मुरडू नये. त्याच ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या ॲटर्नी जनरलपदाच्या आमच्या उमेदवाराचे जुने संदेश उघड झाले. त्यात त्यानं तिथल्या विधानसभेच्या रिपब्लिकन सभापतींना गोळ्या घालण्याची भाषा केली होती. त्यानं माफी मागितली. पक्षानं उमेदवारी मात्र काढून घेतली नाही आणि तो निवडूनही आला. मी व्हर्जिनियात मतदार नाही, पण माझ्या नोंदणीपुढे तेच नाव आहे. मला त्याची लाज वाटते आणि ती मी माझ्याच पक्षाकडे नोंदवते आहे.

दुसरी तक्रार रक्ताची आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. २०११ मध्ये टूसॉनला डेमोक्रॅटिक प्रतिनिधी गॅबी गिफर्ड्स यांच्यावर गोळी झाडली गेली, सहा माणसं मेली. २०१७ मध्ये बेसबॉलच्या सरावात रिपब्लिकन प्रतिनिधी स्टीव्ह स्कलीस गोळीबारात जखमी झाले. ६ जानेवारी २०२१ ला तुमच्याच इमारतीत घुसलेल्या जमावापासून तुम्हाला वाचवताना सुमारे १४० पोलीस जखमी झाले. २०२२ मध्ये तेव्हाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांचे पती पॉल यांच्या डोक्यात त्यांच्याच घरात हातोडा घातला गेला. कॅपिटॉल पोलिसांनी २०१७ मध्ये धमक्यांची ३,९३९ प्रकरणं तपासली, २०२४ मध्ये ९,४७४. हे आकडे मला सांगायचं कारण नाही, त्यांतली काही पत्रं तुमच्याच घरी आलेली आहेत.

माझ्या राज्याचं मात्र सांगते. १३ जुलै २०२४ ला बटलरला ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. त्यात कोरी कॉम्परेटोरे मरण पावले, बायको आणि मुलींना आडोसा देताना. ते एका स्वयंसेवी अग्निशमन दलाचे माजी प्रमुख होते. आमच्या केंद्राचा हॉल अशाच दलाचा. त्या आठवड्यात मी कागदपत्रं द्यायला तिथे गेले होते, बाहेरचा झेंडा अर्ध्यावर होता. तो अर्ध्यावर आणण्याचा आदेश गव्हर्नर जॉश शापिरो यांचा, म्हणजे डेमोक्रॅटचा. नऊ महिन्यांनी, १३ एप्रिल २०२५ च्या पहाटे, पासोव्हर सणाच्या पहिल्या रात्रीनंतर, हॅरिसबर्गमधलं त्याच शापिरोंचं सरकारी घर कोणीतरी पेटवलं. आत त्यांची मुलंबाळं झोपली होती. १४ जूनला मिनेसोटात तिथल्या डेमोक्रॅटिक आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती मार्क यांना पोलिसाच्या वेशात आलेल्या माणसानं घरात मारलं, त्याच रात्री त्यांच्याच पक्षाचे आमदार जॉन हॉफमन आणि त्यांच्या पत्नीला गोळ्या घातल्या. १० सप्टेंबरला युटामध्ये कर्क गेले.

प्रत्येक वेळी तुम्ही काय केलंत? मारेकरी कोणाच्या बाजूचा हे आधी बघितलंत, मग दुःखाचं माप ठरवलंत. हॉर्टमन यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या सिनेटमधल्या एका सदस्यानं त्यावर टिंगल करणाऱ्या पोस्ट टाकल्या आणि नंतर काढल्या. कर्क यांच्यासाठी प्रतिनिधीगृहात मौन पाळलं गेलं, आणि ते संपतं न संपतं तोच बाकांवरून एकमेकांवर ओरडाआरडा सुरू झाला. आमच्याकडे गल्लीत कोणी गेलं तर भांडणातल्या दोन घरांतले लोकही दहाव्यापर्यंत आवाज चढवत नाहीत.

तिसरी, मतदारसंघांची. दर दहा वर्षांनी जनगणना होते, तिच्यानंतर रेषा आखायच्या, हा रिवाज. गेल्या ऑगस्टमध्ये टेक्सासनं मध्येच नकाशा बदलला, रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून, आणि हा हेतू त्यांनी लपवलाही नाही. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियानं मतदारांची मंजुरी घेऊन उलट नकाशा काढला, डेमोक्रॅटांच्या पाच वाढाव्यात म्हणून. मिझुरी आणि नॉर्थ कॅरोलायनानंही हात धुऊन घेतले. माझे डेमोक्रॅट मित्र सांगतात, त्यांनी सुरू केलं, आम्ही काय हात बांधून बसायचं? सुरू टेक्सासनं केलं हे खरंच आहे. पण मी मोजणीच्या टेबलावर बसणारी बाई आहे. निकाल आधी ठरवून मग मतदार वाटले, तर माझी पंधरा तासांची पाळी कशासाठी? आणि सुरक्षित मतदारसंघातल्या सदस्याला समोरच्या पक्षाच्या मतदाराची गरजच उरत नाही. त्याला भीती फक्त आपल्याच पक्षातल्या अधिक कडव्या माणसाची. वैर वाढवण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये, रूचो खटल्यात, पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या रेषा हा फेडरल न्यायालयांचा विषय नाही असं सांगून हात झटकले. कायदा करण्याचा अधिकार मात्र तुमच्याकडे आहे, तो त्याच निकालात नमूद आहे.

चौथी तक्रार, पलीकडे हात पुढे करणाऱ्याला तुम्ही देता त्या शिक्षेची. २०२१ मध्ये रस्ते-पुलांच्या विधेयकाला मत दिलं म्हणून मिशिगनचे रिपब्लिकन फ्रेड अप्टन यांना मरणाच्या धमक्यांचे फोन आले. रस्ते आणि पूल! २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती मॅकार्थी यांनी सरकार चालू राहावं म्हणून ३० सप्टेंबरला डेमोक्रॅटांच्या मतांनी विधेयक मंजूर करून घेतलं आणि तीनच दिवसांत पद गमावलं. त्यांना काढणारे आठ रिपब्लिकन होते, पण माझ्या पक्षाचे सगळे उपस्थित सदस्यही त्या आठांबरोबर गेले, हे मी विसरलेले नाही. गेल्या डिसेंबरात इंडियानाच्या सिनेटमध्ये वेगळं काही घडलं. राष्ट्राध्यक्षांचा दबाव होता, कित्येकांच्या घरी खोट्या तक्रारी करून पोलीस पाठवले गेले होते. तरी २१ रिपब्लिकन दहा डेमोक्रॅटांबरोबर उभे राहिले आणि मध्येच नकाशा बदलण्याचा प्रस्ताव ३१ विरुद्ध १९ नं फेटाळला. पद्धत मोडून मिळणाऱ्या जागा त्यांनी नाकारल्या. तुमच्यात असे किती आहेत ते मला बघायचंय.

पाचवी थोडक्यात. गेल्या वर्षी १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस, तुम्ही सरकार बंद ठेवलंत. त्याआधी इतकं लांब ते कधीच बंद नव्हतं. नोव्हेंबर उजाडताच अन्न-सहाय्याची कार्डं रिकामी राहिली. देशात सुमारे चार कोटी वीस लाख लोक त्यांवर जेवतात. माझ्या राज्याचा अर्थसंकल्प जूनअखेरीला व्हायचा तोही त्याच १२ नोव्हेंबरला झाला. चर्चच्या तळघरात आम्ही शनिवारी डबे-पिशव्या वाटतो. तिथे रांगेत पक्ष विचारत नाहीत, घरात माणसं किती ते विचारतात. तुमचा पगार या ४३ दिवसांत चालू होता.

माझ्या लोकांबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत. पंधरा वर्षं आमच्या गणपतीचा नैवेद्य दोन घरं मिळून करायची. उकड एकीकडे, सारण दुसरीकडे. २०२४ च्या निवडणुकीनंतर त्या दोन घरांत बोलणं बंद आहे. गेल्या भाद्रपदात दोघींनी स्वतंत्र मोदक आणले आणि आरतीच्या वेळी हॉलच्या दोन भिंतींना उभ्या राहिल्या. दोघींच्या मुली एकाच वर्गात आहेत. मला एका मैत्रिणीनं विचारलं, ‘त्या ट्रम्पवालीशेजारी तू दिवसभर बसतेस तरी कशी?’ मी तिला त्या २०२० च्या रात्रीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘अपवाद असतात गं.’ तुम्ही पेरलेलं इथवर उगवलंय. आमचा देश बदलला, आमचे सण आम्ही जपून आणले, आणि त्या सणात तुमचं भांडण घुसलं.

हे नेहमीच असं होतं असं मला कोणी सांगू नये, कारण मी स्वतः वेगळं पाहिलंय. २००८ हे माझ्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या मताचं वर्ष. माझं मत ओबामांना जाणार हे ठरलेलं होतं. १० ऑक्टोबरला मिनेसोटातल्या लेकव्हिलच्या सभेत एका बाईनं माइक हातात घेऊन रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना सांगितलं की ओबामांवर माझा विश्वास नाही, तो अरब आहे. मॅकेन यांनी मान हलवली, माइक परत घेतला आणि म्हटलं, नाही बाईसाहेब, ते एक सज्जन कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत मतभेद आहेत एवढंच. त्याच सभेत स्वतःच्याच समर्थकांनी त्यांची हुर्यो केली होती. महिन्याभरानं ते हरले. अरब असणं आणि सज्जन असणं यांत मुळात विरोध नाही, हे तेव्हाही कोणी म्हणायला हवं होतं. तरीही, टाळ्या समोर तयार असताना एका माणसानं त्या नाकारल्या, हे मी नव्यानं नागरिक झालेल्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला वाटलं होतं, हा देश निवडला ते बरं केलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दहा वर्षांतून एकदाच, जनगणनेनंतरच, आणि पक्षांच्या हातात नसलेल्या आयोगामार्फत मतदारसंघ आखले जातील, असा कायदा करा. टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोघांनाही तो एकदमच लागू करा, म्हणजे आधी कोणी थांबायचं हा प्रश्नच उरणार नाही.

अर्थसंकल्प वेळेत झाला नाही तर मागच्या वर्षीच्या रकमांवर सरकार आपोआप चालू राहील, अशी तरतूद करा. भांडायला तुम्ही मोकळे राहाल, फक्त कोणाचं ताट ओढलं जाणार नाही.

राजकीय हल्ला झाला की चोवीस तासांच्या आत दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी एकच निवेदन, दोघांच्या सह्यांनी काढावं. मेलेला कोणत्याही बाजूचा असो, शब्द तेच असावेत. आणि जो सदस्य किंवा उमेदवार विरोधकाच्या मृत्यूची थट्टा करील किंवा भाषा करील त्याला पक्षाचा पैसा आणि पक्षाची उमेदवारी मिळू नये. ही अट आधी आपापल्या पक्षात लावा, समोरच्याची वाट बघू नका.

मतदान केंद्रांवर काम करणाऱ्यांना धमकावणाऱ्यांविरुद्ध कडक कायदा करा आणि आमच्या सुरक्षेसाठी काउंट्यांना पैसा द्या. गेल्या प्रशिक्षणात शेवटचा बराच वेळ आम्हाला हॉलमधून बाहेर पडायच्या वाटा दाखवण्यात गेला. पूर्वी त्या वेळात आम्ही स्कॅनरचा कागद कसा बदलायचा ते शिकायचो.

आणि एक मागणी अशी की जिला ना पैसा लागतो ना कायदा. एकत्र बसा. गिफर्ड्स यांच्यावरच्या हल्ल्यानंतर, जानेवारी २०११ मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक भाषणाला तुमच्यातले बरेच जण पक्षाच्या रांगा सोडून मिसळून बसले होते. एका खुर्चीवर डेमोक्रॅट, शेजारी रिपब्लिकन. ती पद्धत टिकली नाही. ती पुन्हा सुरू करा, आणि भाषणापुरती नको. समित्यांमध्येही तसंच बसा, सुनावणीच्या दिवशी, रोज. आम्हाला कायद्यानं बसवलं म्हणून आम्ही बसलो आणि आम्हाला त्याचा उपयोग झाला. तुम्हाला कोणी बसवणार नाही, तुम्हालाच उठून खुर्ची बदलावी लागेल.

येत्या १९ मे रोजी आमच्याकडे प्राथमिक निवडणूक आहे. शेजारच्या खुर्चीसाठी काउंटी माणूस शोधते आहे. त्या बाईंना मी परवा फोन केला होता. यायला नाही म्हणाल्या, पण चहा कसा करायचा ते विचारून घेतलं. आलं किसायचं की ठेचायचं, दूध आधी की नंतर. मी सगळं सावकाश सांगितलं.

१९ मेच्या आत या पत्राला तुमच्याकडून लेखी उत्तर यावं अशी माझी विनंती आहे. निदान माझ्या प्रतिनिधींनी आणि दोन्ही सिनेटरांनी वर लिहिलेल्या पाच मागण्यांपुढे प्रत्येकी हो किंवा नाही लिहून पाठवावं. माझा पत्ता तुमच्या कार्यालयांकडे आहे.

आपली,
एक मतदार आणि मतदान केंद्राची इन्स्पेक्टर
बक्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया